हयातीचा दाखला

मशीन म्हनते, बोट जुयत नाई.
आर्वीच्या बँकेत नोव्हेंबरची रांग,
पुढं चार पेन्शनवाले, मांगं मी, थैलीत आधार कार्ड.
साहेब म्हनते, खोडके, हात धुऊन या.
हे धुऊन आले. रुमालानं पुसलं एक एक बोट,
बंदूक पुसावं तसं.
अंगठा ठेवला. लाल.
डावा ठेवला. लाल.
"वाईट नोका मानू हवालदार,
मशीनले तुमी जिते दिसत नाई."
साहेब हासला. हे हासले नाई. मीही नाई.

बावीस वर्सं. वर्साले दोन मयने सुट्टी.
एकदा तुरीच्या शेंगा सोलता सोलता मी हिशेब केला,
चार वर्सांचाही संसार भरला नाई.
मंग एक दिवस ट्रंक आली, ट्रंकेमांगं हे.
काया ट्रंकेवर पांढऱ्या रंगात नाव अन् नंबर,
नंबर नावाहून मोठा.

पह्यल्याच हप्त्यात यायनं चहाचा डबा जागचा हालोला.
मी लय भांडली. डब्यासाठी नाई,
त्या फयीवर माहा हात अंधारातही जाये, त्यासाठी.
हे चूप. गोधडीची चौकोनी घडी करत रायले,
कोपऱ्याले कोपरा.
अन् दारात उभे रायत. चप्पल पायात, तरी उभे.
मले समजे नाई काऊन.
एक दिवस समजलं:
जाऊ का म्हनून इचाराचं कोनाले,
हेच यायले सापडत नोतं.

गावानं मान देल्ला, खोटं काऊन बोलू.
पंधरा ऑगस्टले पुढची खुर्ची, नारय, शाल.
सोया तारखेले कोनी तरी दारात,
"फौजी, कॅन्टिनातली एखांदी बाटली?"
अमरावतीले एटीएमच्या दाराशी तीन मयने नोकरी केली,
चौथ्या मयन्यात शिट्टी खिशात घेऊन परत.
शिट्टी आता चुलीमांगं खिळ्याले लटकते.

झोप नोती.
रातभर आंगनात फेऱ्या,
तुयशीपासून गोठा, गोठ्यापासून तुयस.
पुलगावच्या डाक्टरनं गोया देल्ल्या.
गोयी घेतली का सकायी जीभ जड होये,
रात्र तशीच राये.
इतवारी लाहौलवरून नोरबूचा फोन.
दोघं निस्ती थंडी सांगत एकमेकाले.
"मायनस नऊ. तिकडं?"
"बत्तीस."
मंग दोघंही फोन कानाले लावून बसत, काईच न बोलता.
त्या दिवशी हे एक भाकर जास्त खात.

मांगच्या हरबऱ्यात पंचफुलाबाईचे गुडघे गेले.
शेतातली लाईट येते रातच्या पावने दोनले.
पोरगा पुन्याले,
धुऱ्यावर मन्यार, रानडुकरं.
हे जागेच होते. टॉर्च घेतली, गेले.
दुसऱ्या रात्री नानाजी भोयरची मोटर.
मंग वही आली, रेघा आखलेली.
कोनाचा गहू, कोनाचा हरबरा,
किती वाजता सुरू, किती वाजता बंद,
खाली सही.
सही पाहाले कोनी नाई. तरी सही.
आता अकरा मोटरी हायत.
पाचले येते, पाय धुते, आठपर्यंत घोरते.
मी भांडे वाजवत नाई.

सगयं बरं झालं असं नाई म्हनत मी.
कधी कधी मोटर सुरू करून हे तठीच बसून रायते,
पानी शेवटच्या सरीतून वाहून जाते नाल्यात,
अन् हे कोनाशी तरी बोलते, हलक्या आवाजात, हिंदीत.
मी इचारत नाई.
चहाचा डबा आता यायनं ठेवला तठीच हाय.

साहेबानं म्हनलं, उद्या या.
एसटीत हे आपला अंगठाच पाहत रायले,
फावड्यानं घासलेला, चिखलानं चिरलेला.
मी खिडकीबाहेर पाह्यलं.

रात्री पावने दोनले लाईट आली.
लय थंडी. आज मीही गेली, थर्मास घेऊन.
मांगच्या दारातून पंचफुलाबाईनं आवाज देल्ला,
"देवमनभाऊ, हाय का?"

यायनं टॉर्च वर केली.
"हाय."